खोक्याचं लाकूड

प्लायवूडचा एखादा उघडा, कापलेला काठ घरात शोधा. कपाटाची मागची बाजू असेल, दिवाणाचं झाकण असेल. सनमायका लावलेली बाजू नको; ती तर दाखवायलाच केलेली असते. काठासमोर निवांत बसा. फिकट पट्टी, गडद पट्टी, पुन्हा फिकट. लाकूड बऱ्याचदा एकाच जातीचं असतं. एका थराच्या रेषा काठाबरोबर आडव्या धावतात, त्याखालच्या थराच्या रेषा थेट तुमच्या अंगावर येतात, म्हणून तो गडद दिसतो. त्यावरून बोट फिरवा, सावकाश.

आता मन एस्टोनियातल्या टॅलिनला न्या. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं आणि त्याला रेव्हाल म्हणत. लुथर हे तिथलं जर्मन व्यापारी घराणं, त्यांची पेढी १७४२ पासूनची. १८७७ मध्ये त्यांनी यंत्रांवर लाकूडकाम करणारा कारखाना काढला. भोवती बर्चची जंगलं. बर्चचा ओंडका आधी उबदार, ओला करून मऊ करायचा, मग यंत्रात गरगर फिरवत लांब पात्याला भिडवायचा. बटाट्याची साल न तुटता निघावी तसा लाकडाचा पातळ, सलग पट्टा सुटत जातो. डोळे मिटून तो पट्टा उलगडताना बघा. एवढं मोठं झाड, आणि हातात येतं ते जवळजवळ कापडच.

एकटा पट्टा कमजोर. रेषेच्या दिशेने तो सहज चिरतो. लाकूड फुगतं-आकसतं तेही मुख्यतः रेषेच्या आडवं. लांबीत फारसं नाही. म्हणून दुसरा पट्टा पहिल्यावर आडवा ठेवायचा, तिसरा पुन्हा उभा. प्रत्येक थर शेजाऱ्याला पसरू देत नाही. थर विषम ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाहेरच्या बाजूंचा ओढा सारखा राहतो आणि फळी वाकत नाही. लुथरांनी १८८० च्या दशकात अशा तीन थरांतून खुर्च्यांच्या बैठका केल्या.

इथे जरा थांबा आणि सरसाचा विचार करा. हाडं-कातडी उकळून केलेला जुना सरस पाणी लागलं की पकड सोडतो. खोलीतल्या खुर्चीला ते चालून जातं, बोटीवर चढणाऱ्या मालाला नाही. पाण्याला टिकणारा सरस लुथरांच्या हाती आला तो १८९० च्या दशकात, आणि माझ्या मते कंपनीचं खरं नशीब तिथे उघडलं. कारण आता खोकी करता येणार होती. लुथरांचा माल विकायला लंडनमध्ये ‘व्हेनेस्टा’ नावाची कंपनी उभी राहिली आणि टॅलिनचं प्लायवूड चहाच्या, रबराच्या पेट्यांसाठी जगभर जाऊ लागलं.

चहाची ती पेटी आपल्या ओळखीची आहे. काठांना पत्र्याची पट्टी, आतून चकचकीत कागद, उघडली की उग्र वास. चहा संपला की ती माळ्यावर जायची; घर बदलताना तिच्यात पुस्तकं भरायची. आपल्याकडची पेटी टॅलिनची असेलच असं नाही, पुढे आसामातही प्लायवूड होऊ लागलं. पण त्या पेटीकडे ‘पेटी’ म्हणून कोणी कधी पाहिलं होतं? आता पाहा. आधी चहा आठवेल. तो बाजूला ठेवा. मग पुस्तकं आठवतील, तीही काढा. उरतात त्या सहा पातळ बाजू.

असं पाहणं सोपं नाही. कंपनीच्या इतिहासातसुद्धा नजर दुसरीकडेच जाते. १९३० साली लंडनच्या प्रदर्शनात व्हेनेस्टाचा कक्ष रचला तो वास्तुकार ल कॉर्बुझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९३६ मध्ये फर्निचर-रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी आयसोकॉन या लंडनच्या कंपनीसाठी लांब, पहुडायची खुर्ची आखली. तिची वळणदार बैठक टॅलिनहून यायची. ती खुर्ची संग्रहालयांत आहे, आणि सुंदरच आहे. पण कारखान्याची चूल खोक्यांवर पेटत होती, हे त्या खुर्चीशेजारच्या पाटीवर कशाला कोण लिहील!

१९३९ मध्ये हिटलरच्या हाकेवर बाल्टिक जर्मन एस्टोनिया सोडून निघाले. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली आणि कारखाना सरकारजमा झाला. पुढेही तिथे प्लायवूड आणि फर्निचर होतच राहिलं. आज त्या आवारात घरं आणि कचेऱ्या आहेत.

शेवटी अंटार्क्टिकाला चला. १९०७ मध्ये तिकडे निघालेल्या मोहिमेसाठी तिचे प्रमुख अर्नेस्ट शॅकल्टन यांनी शिधा भरायला व्हेनेस्टाची सुमारे अडीच हजार खोकी घेतली. नेहमीच्या लाकडी खोक्यापेक्षा प्रत्येकी चारेक पौंड वजन वाचत होतं. केप रॉइड्सच्या झोपडीत खोकी रिकामी झाली तशी त्यांचं फर्निचर झालं, आडोसे झाले. १९०८ च्या हिवाळ्यात, सूर्य नसलेल्या महिन्यांत, मोहिमेतल्या लोकांनी तिथेच ‘ऑरोरा ऑस्ट्रेलिस’ हे पुस्तक लिहिलं, छापलं, आणि बर्नर्ड डे यांनी खोक्यांच्या फळ्या घासूनपुसून, त्या पुठ्ठ्यांसारख्या वापरून त्याची बांधणी केली. प्रती शंभराच्या आत. काहींच्या आतल्या बाजूला खोक्यावरची जुनी छापील अक्षरं तशीच राहिली आहेत, आणि दुर्मीळ पुस्तकांचे संग्राहक प्रती ओळखतात त्या याच अक्षरांवरून: ही ‘बटर’, ती ‘किडनी’.