‘पारंपरिक’ म्हणून पुसलेले नाव

दिवाळी आली की भिवंडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तारपावाल्याभोवती फेर धरलेल्या आकृतींची शुभेच्छापत्रे फिरू लागतात. कोपऱ्यातली सही कापलेली असते आणि खाली शेरा असतो, ‘साभार : इंटरनेट’ किंवा ‘पारंपरिक वारली कला’. पहिला शेरा आळसापोटी येतो, तो सुधारता येईल. दुसरा आदराचा वाटतो, म्हणूनच जास्त घातक आहे. ही कला समाजाची, तिला चित्रकार नसतो, अशी समजूत त्यामागे आहे. वारल्यांचे पाडे ज्या तालुक्यात आजही नांदते आहेत, तिथेही ती टिकून आहे याचे वाईट वाटते.

चित्राखालच्या नावाचा आपल्याकडचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. रविवर्म्याच्या १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याने तसबिरी घरोघर नेल्या; दलाल, मुळगावकर यांच्या सह्या दिवाळी अंकांच्या वाचकांना पाठ झाल्या; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५७ ने, हक्क विकल्यावरही कर्तेपण सांगण्याचा अधिकार कलावंताकडेच ठेवला. इथवर कोणाचा वाद नाही.

वाद आहे १९७० च्या दशकातल्या वळणाबद्दल. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर गेले, भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर पोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निनावी कलेला बाजाराने नाव चिकटवले, असा याचा अर्थ सर्रास लावला जातो. तो मला साफ चुकीचा वाटतो. लग्नचौक सवासिनी काढत, सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. चौक कोणाच्या हातचा, हे लग्नघराला ठाऊक असे, कारण काढणारी समोरच असे. नाव लिहायची गरजच नव्हती. चित्र परक्या हाती गेले तेव्हा ती पडली, आणि लिहिली गेली ती मुख्यतः पुरुषांची नावे. मशे यांचे थोरपण याने उणे होत नाही. पण दोष कागदावरही टाकता येत नाही. हेच कुलकर्णी त्याआधी १९६० च्या दशकात मिथिलेत गेले होते. तिथे कागद बायकांनी हाती घेतला, त्यांची नावे झाली, आणि १९७५ साली जगदंबादेवींना पद्मश्री मिळाली. कागद कोणाच्या हाती गेला आणि चित्र पुढे नेणाऱ्यांनी कोणाची नोंद ठेवली, यावर कोणाचे नाव उरणार ते ठरले.

आकृत्या सगळ्यांच्या, मग एकाचे नाव कसे घालायचे, असे विचारले जाते. अभंगाचा छंदही सगळ्यांचा होता. म्हणून तुकोबांचे किंवा जनाबाईंचे नाव कोणी गाळत नाही. २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन ‘वारली’ या नावाला संरक्षण देते. अमुक चित्र कोणी काढले, हे ते सांगत नाही. समाजाचे नाव आणि व्यक्तीचे नाव, दोन्ही लागतात.

चित्र दहा गटांतून फिरून आले, नाव कुठून आणायचे, ही अडचण खरी आहे. तेव्हा ‘चित्रकार माहीत नाही, ठाऊक असल्यास कळवावे’ असे लिहावे, आणि सही दिसत असेल तर ती कापू नये. शहरातल्या कोणी ही शैली उचलून चित्र काढले असेल, तर त्याखाली त्या व्यक्तीचे नाव हवे; नुसते ‘वारली कला’ लिहून ते पाड्यावरच्या कोणाच्या हातचे असल्याचे भासवू नये.