रिंगणातला घोडा आणि पैजेचा घोडा

श्रीज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यात दोन अश्व चालतात, हे वारीला गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर खोगीर असते, झूल असते, पण स्वार नसतो. तो माऊलींचा अश्व. त्याच्यावर माऊली बसलेल्या आहेत, हा भाविकांचा भाव. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व येतात. सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. लष्करात वावरलेल्या या पुरुषाने वारीला दिंड्यांची शिस्त लावली, आणि त्या शिस्तीत घोड्यालाही मानाची जागा मिळाली. पुढे रिंगणाची प्रथा अन्य पालख्यांतही रुजली. आमच्या भागात नर्सीहून श्रीनामदेवरायांची पालखी निघते, तिचेही रिंगण हिंगोलीस रामलीला मैदानावर होते. घोडे धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यास म्हातारेकोतारेही वाकतात.

आता या मानातूनच एक शंका निघते. मार्गशीर्षात माळेगावास खंडोबाची यात्रा भरते, तिथला घोड्यांचा बाजार साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. आमच्या गावोगावची मंडळी तिथे जातात, कोणी जनावर घेतो, कोणी नुसते पाहून येतो. मग कुठेतरी शर्यत लागते, शर्यतीवर पैसे लागतात. अशी तरुण मंडळी कीर्तन आटोपल्यावर विचारतात, “महाराज, रिंगणात घोडा पळवला तर पुण्य आणि शर्यतीत पळवला तर पाप, हे कसं काय? घोडा तोच, टापा त्याच, धूळही तीच!” प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. “ते देवाचे, हे लोकांचे” एवढ्या उत्तराने भागत नाही, कारण श्रीनामदेवरायांना औंढ्यास विसोबा खेचरांनी जो धडा दिला, तो देव नाही अशी जागाच नाही, हाच होता. मग शर्यतीच्या मैदानात तरी देव नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? तेव्हा दोष कुठे आहे, हे नीट निवडून पाहिले पाहिजे.

घोड्यावर बसण्यात दोष नाही, हे आधी सांगून टाकू. वारकरी पायी चालतो तो पायी चालण्याचे व्रत म्हणून; स्वारी पाप आहे म्हणून नव्हे. निजामाच्या राज्यात हिंगोलीस फौजेची छावणी होती, घोडेस्वार ही इथे नित्याची गोष्ट होती. मोटारी येण्यापूर्वी कीर्तनकारही घोड्यावरून गावे करीत. शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या चरित्रात गोविंदबुवा टाकळीकर या कीर्तनकारांची कथा आहे. त्यांचा घोडा अत्यंत द्वाड; लाथा मारी, चावे, रात्रभर कोणास झोपू देत नसे. एके रात्री महाराज त्याच्या चारी पायांमध्ये जाऊन निजले, आणि घोडा जो शांत झाला तो कायमचा. महाराजांनी ना चाबूक उचलला, ना कडक लगाम घातला. ज्याच्या अंतःकरणात भय नाही नि लोभही नाही, त्याच्याजवळ जनावर निवते, हे त्या कथेचे मर्म आहे. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी. उपनिषद् घोडे सोडून द्या असे सांगत नाही, लगाम शहाण्याच्या हाती असावा एवढेच सांगते. पळणे हा तर घोड्याचा स्वभावच. त्याला मोकळ्या रानात पळू देणे, आणि ते पाहून आपण हर्षित होणे, यातही काही वावगे नाही.

मग उरते ती पैज. आणि पैजेबद्दल आपल्या पुराणांत एक अशी कथा आहे की, ती या विषयाकरिताच लिहिली असावी असे वाटते. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या दोघी बहिणी, कश्यपाच्या स्त्रिया. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा हा घोडा त्यांनी दुरून पाहिला. विनता म्हणाली, तो सर्वांगी पांढरा आहे. कद्रू म्हणाली, त्याचे शेपूट काळे आहे. बोलता बोलता पैज लागली : हरेल तिने दुसरीचे दास्य करावे. कद्रूला संशय आला की आपण हरणार, तेव्हा तिने आपल्या सर्पपुत्रांना काळे केस होऊन त्या शेपटीस चिकटण्यास सांगितले. विनता दासी झाली. आईला सोडविण्यासाठी गरुडाला स्वर्गातून अमृत आणावे लागले, देवांशी झुंजावे लागले. वाचकहो, पंढरीत आपण ज्या गरुडखांबाला आलिंगन देतो, त्या गरुडाचे बालपण एका घोड्यावरच्या पैजेपायी दास्यात गेले, ही गोष्ट ध्यानात धरा.

या कथेत उच्चैःश्रव्याचा अपराध काय? काहीच नाही. त्याला पैजेची वार्ताही नाही. गीतेच्या विभूतियोगात भगवंतांनी अश्वांमध्ये तो घोडा मी, असे सांगितले आहे. म्हणजे घोडा साक्षात् भगवंताची विभूती, आणि त्याच्याच शेपटीवर दोघींनी दास्य टांगले. पैज लागली त्या क्षणापासून कोणालाही घोडा दिसेनासा झाला. कद्रूला दिसत होते फक्त शेपूट, तेही आपल्या सोयीच्या रंगाचे. पैज जे करते ते हेच. ती जिवंत प्राण्याचा फासा करते. आपल्या धर्मशास्त्रकारांनी म्हणूनच निर्जीव वस्तूंनी खेळतात त्याला ‘द्यूत’ आणि सजीव प्राण्यांवर खेळतात त्याला ‘समाह्वय’ अशी वेगळी नावे दिली. मनूने राजाला दोन्ही बंद करण्यास सांगितले, आणि शहाण्याने करमणुकीखातरही द्यूताच्या वाटेस जाऊ नये असे बजावले.

यावर कोणी म्हणेल, “पण घोड्याची पारख हे कौशल्य आहे, तो आंधळा जुगार नव्हे.” ठीक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली, तामिळनाडूतील एका खटल्यात, घोड्यांच्या शर्यतीत मुख्यतः कौशल्य असते असा निर्णय दिला आहे. न्यायालयाचे म्हणणे आम्ही शिरसावंद्य मानतो. पण नळराजाकडे पाहा. अश्वविद्येत त्याच्या तोडीचा पुरुष त्रिभुवनात नव्हता. तोच नळ फाशांत राज्य हरला, अंगावरचे वस्त्र गमावून बसला, आणि दमयंतीला अरण्यात निजलेली सोडून निघून गेला. पुढे तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. दमयंतीच्या पुन्हा स्वयंवराची वार्ता आली तेव्हा त्याने एका दिवसात ऋतुपर्णाला विदर्भातील कुंडिनपुरास नेले. रथ असा धावला की, राजाचे उपरणे पडले, “थांब, घेऊ दे” म्हणेतो ते योजनभर मागे राहिले होते. वाटेत बेहड्याच्या झाडाखाली दोघांनी विद्यांची देवघेव केली. ऋतुपर्णाने अक्षविद्या दिली, नळाने अश्वविद्या देऊ केली, आणि नळाच्या देहातला कली बाहेर पडून त्या बेहड्यात शिरला. बेहड्याच्या फळांचेच तेव्हा फासे करीत, हे लक्षात घेतले म्हणजे व्यासांचे सूचन कळते. कली घोड्यांत शिरला नाही. त्याचे घर फाशांत होते, तिथेच तो परत गेला.

येथे चतुर श्रोता विचारील, “अहो, पण नळाने राज्य परत मिळवले ते फासे टाकूनच ना?” होय, फासे टाकूनच. पण जिंकल्यावर त्याने काय केले? भाऊ पुष्कर याला जीवदान दिले, त्याचा वाटा त्याला परत दिला आणि सन्मानाने घरी पाठविले. जिंकलेले परत देण्याच्या तयारीने पैज लावणारा आजच्या मैदानात कोणी आढळला, तर आम्ही त्याच्या पाया पडू.

दुसरा म्हणतो, “सरकारची परवानगी आहे, कर भरतो.” मुंबईत महालक्ष्मीस आणि पुण्यात घोडदौडीची मैदाने आहेत, पुण्याचे तर १८३० पासूनचे. पैजेच्या पूर्ण रकमेवर २०२३ च्या ऑक्टोबरपासून शेकडा २८ आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून शेकडा ४० कर आहे. ही पद्धतही नवी नव्हे. याज्ञवल्क्याने मनूप्रमाणे सरसकट बंदी न सांगता, जुगाराचा अड्डा चालविणाऱ्या सभिकाने जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच वा दहा घ्यावे व राजाचा भाग राजाला द्यावा, असे लिहून ठेवले आहे. पण राजाने कर घेतला म्हणून काम शुद्ध झाले, असे याज्ञवल्क्यानेही कुठे म्हटलेले नाही. राजदंड जिथे संपतो तिथे विवेकाचे काम सुरू होते.

तिसरा म्हणतो, “पैसा माझा, कष्ट माझे; दुसऱ्याचं काय जातं?” हा युक्तिवाद दमयंतीसमोर करून पाहावा, द्रौपदीसमोर करून पाहावा. कर्त्या माणसाने हरलेला पैसा त्याचा एकट्याचा कधीच नसतो. त्यात बियाण्याचे पैसे असतात, मुलीच्या शाळेचे असतात, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे असतात. आणि जिंकला तरी? त्याचे जिंकणे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरातले असेच पैसे. आपला आनंद दुसऱ्याच्या रडण्यावर उभा आहे, हे ज्याला सलत नाही, त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ केवळ लाकडाची राहिली, असे खेदाने म्हणावे लागते.

आता रिंगणाकडे परत पाहा. पताकाधारी धावतात, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या माता धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व धावतात. कोण पुढे गेला, कोण मागे राहिला, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. स्वाराच्या घोड्यामागून माऊलींचा घोडा आला की लाखभर लोकांच्या तोंडून एकच नाम निघते. पैज लावणाराही एकाग्र असतो, बरं का! त्याची नजर आपल्या घोड्यावरून हलत नाही, भूक-तहान विसरते. पण त्या एकाग्रतेत बाकीचे सगळे घोडे त्याला शत्रू वाटतात, आणि रिंगणात मात्र शेजारी उभा असलेला अनोळखी वारकरीही गळ्यात पडण्याजोगा वाटतो. मैदान सुटल्यावर रिंगणातून कोणीही हरून घरी जात नाही. आमच्या मते फरक तो इथे आहे.

पण हा न्याय आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नये. घोडा जवळ येताच त्याच्या अंगावर तुटून पडणे, पायांत शिरणे, अंगावर काही भिरकावणे, यात भक्ती कसली? तो मुका जीव गर्दीने बिथरतो. नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतली गंगा पाजली, त्या नाथांचे आपण म्हणवितो. तीच गोष्ट लग्नाच्या वरातीची. डीजेच्या दणदणाटात घोड्याला तासन् तास नाचविणे, हाही एक प्रकारचा समाह्वयच. तिथे पैजेच्या जागी आपला डौल लावलेला असतो. बैलांच्या शर्यती, ज्याला आपल्याकडे शंकरपट म्हणतात, त्या २०१४ साली बंद झाल्या आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने नियमांसह त्या मान्य केल्या, तेव्हा जनावरास मारहाण व छळ नको ही अट मुख्य होती. ती अट सरकारने घालावी लागली, हे आम्हा माळकऱ्यांना भूषणावह नाही.

तेव्हा गावच्या जत्रेत घोडे पळवायचे असतील तर खुशाल पळवा. जो चांगला राखलेला, निगा घेतलेला घोडा असेल त्याच्या धन्यास नारळ द्या, फेटा बांधा. चाबूक मैदानाबाहेर ठेवा आणि पैशाची थैली घरी ठेवा. घोडा थांबला की आधी त्याला पाणी, मग आपल्याला चहा. एवढे पाळले म्हणजे जत्रेतल्या घोड्याच्या टापांखालची मातीही कपाळाला लावण्यास आमची हरकत नाही.

रामकृष्णहरी.