शैलजाताई कोणाच्या?

24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्तात आशियाई स्पर्धेतल्या महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवलं. 2010 साली चीनमधल्या ग्वांगझूत महिला कबड्डी या स्पर्धेत आली, तेव्हापासूनची दोन्ही सुवर्णपदकं आपली होती. ती परंपरा मोडणाऱ्या इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

‘आपल्याच मुलींविरुद्ध?’ असा प्रश्न अशा वेळी हमखास निघतो. मला तो अन्यायाचा वाटतो. शैलजाताईंनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुली घडवल्या. भारतीय संघाला शिकवायची इच्छा त्यांनी कधी लपवली नाही. संधी इराणने दिली. तिथे त्या फारसी शिकल्या, मुलींच्या सरावात योग आणि प्राणायाम आणला. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये जाऊन जगाला कबड्डी दाखवली, त्याचा आपण आजही अभिमान सांगतो. मग जगाला ती नीट खेळायला शिकवणारीबद्दल मनात अढी का? ज्या खेळाला ऑलिंपिकमध्ये जायचं आहे, त्याला तोडीचे प्रतिस्पर्धी लागतातच.

चीनच्या लांग पिंगचं उदाहरण इथे आठवतं. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये तिने व्हॉलीबॉलचं सुवर्ण जिंकलं. पुढे अमेरिकेची प्रशिक्षक होऊन 2008 मध्ये बीजिंगमध्येच तिने चीनला हरवलं. तरीही 2013 मध्ये चीनने राष्ट्रीय संघ तिच्याच हाती सोपवला, आणि 2016 मध्ये रिओला सुवर्ण आलं. परक्या संघाबरोबर काढलेली वर्षं तिच्या देशाने अनुभव म्हणून जमेस धरली. मोठं मन तर खरंच, पण त्यात शहाणा हिशेबही होता.

आपला हिशेब कच्चा आहे. कोपऱ्यावरून घोट्याची पकड नेमकी कोणत्या क्षणी टाकायची, हे दहा-पंधरा वर्षं मॅटवर घासलेल्या बाईला कळतं, आणि खेळ थांबला की तिचं ते ज्ञान बँकेच्या नाहीतर रेल्वेच्या नोकरीत पडून राहतं. 2023 मध्ये हांगझोऊत भारताने चिनी तैपेईवर 26-25 अशी मात करून सुवर्ण परत मिळवलं. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. तिच्यासारखी खेळाडू उद्या मॅटवरून उतरेल, तेव्हा पुण्यात तिच्यासाठी पूर्ण पगाराचं प्रशिक्षकपद तयार हवं. पुण्यातले संघ, महापालिका आणि बालेवाडीचं क्रीडा संकुल यांनी त्याची तजवीज ती खेळत असतानाच करायला हवी.