हद्द सांगितलेली जादू

मनातलं ओळखणारी, रूप पालटणारी, मंत्राने दार उघडणारी माणसं ज्या जगात राहतात, त्या जगात एक खून पडतो आणि कोणीतरी त्याचा माग काढत जातं. अशा कादंबऱ्या तरुण वाचक आवडीने वाचतात आणि त्यांच्याबद्दल व्याख्यानमालांपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: याने अंधश्रद्धा वाढते. वाक्य इतकं सोज्वळ आहे की म्हणणाऱ्याला पुढे काही सिद्ध करावं लागत नाही.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात तर अजिबातच लागत नाही. आमच्या उंद्रीहून सैलानी फार लांब नाही. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून माणसं आणली जातात, काहींना तर धरून आणावं लागतं. घाटाखाली उतरलं की जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथे अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात: भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, शिवाय पुरी, पापड, करंजी आणि राजाच्या नावाचा पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय विस्कटलं ते पाहून पाऊस, पीक आणि राजकारणाचं भाकीत सांगितलं जातं आणि वर्तमानपत्रं ते छापतात. अशा मुलखात जादूची कादंबरी म्हणजे आगीत तेल, असं कुणाला वाटलं तर ते स्वाभाविक आहे. स्वाभाविक असलं तरी चूक आहे.

बाकीचे आक्षेप एकेका ओळीत निघतात. हे मुलांचं वाङ्मय आहे म्हणणाऱ्यांनी महाभारत कोणत्या वयोगटासाठी आहे ते सांगावं. ही सगळी हॅरी पॉटरची नक्कल आहे म्हणणाऱ्यांनी पुढचे परिच्छेद वाचावेत. आणि रहस्यकथेत अतिमानवी शक्तीला जागा नाही, असा नियम 1929 साली घालणारे रोनाल्ड नॉक्स स्वतः कॅथलिक पाद्री होते. चमत्कारांना त्यांनी कथेत बंदी केली, चर्चमध्ये नव्हे.

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र असा झटकता येत नाही, कारण तो करणारी माणसं प्रामाणिक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यं वेचली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या या चळवळीच्या बाजूने मी उभा आहे. म्हणूनच तिच्या नावावर खपणारा ढिला युक्तिवाद मला सहन होत नाही.

पहिली गोष्ट, सैलानीच्या वाटेला लागलेली माणसं कादंबऱ्या वाचून निघालेली नसतात. घरातली सून रात्रभर ओरडते, तालुक्याला मनोविकारांचा डॉक्टर सापडत नाही, सापडला तर फी परवडत नाही, आणि शेजारी म्हणतात एकदा तिकडे नेऊन पाहा. या साखळीत पुस्तक कुठेच येत नाही. दुसरी गोष्ट, खुद्द कायद्याला हा फरक कळलेला आहे. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणं, पैसा उकळणं, दहशत बसवणं हा गुन्हा. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं किंवा छापणं हा गुन्हा नाही, असं त्याच कायद्यात वेगळं कलम घालून म्हटलेलं आहे. सांगणं आणि फसवणं यातली रेघ विधिमंडळाला ओढता आली. वाङ्मयाच्या चर्चेत ती पुसायचं कारण काय?

यावर उत्तर येतं की कायदा काहीही म्हणो, मनावर संस्कार होतोच. जादू खरी धरून चारशे पानं वाचणारा मुलगा पुढे बुवालाही खरा धरतो. या उत्तरात जादू म्हणजे एकच वस्तू, असं गृहीत धरलं आहे. खरा तिढा इथे आहे. तो सोडवायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही.

कुंडिनपूरची, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या वर्धाकाठच्या कौंडिण्यपूरची मानली जाणारी दमयंती आपल्याला हंसामुळे आणि स्वयंवरामुळे माहीत आहे. पंडित कवींनी ते रंगवलं, कीर्तनकारांनी घोळवलं. महाभारताच्या वनपर्वातल्या आख्यानाचा उत्तरार्ध मात्र आपण घाईने उरकतो, आणि रहस्यकथा नेमकी तिथे आहे. जुगारात राज्य गमावलेला नल तिला अरण्यात टाकून गेला आहे. कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचं रूप पालटलं आहे. बाहुक या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो. चेहरा ओळखीचा नाही, नाव खोटं, आणि माणूस स्वतः तोंड उघडायला तयार नाही. दमयंतीने त्याला शोधायचा कसा?

आधी ती ब्राह्मणांकरवी देशोदेशी एक प्रश्न पाठवते, ज्याला नलच उत्तर देईल असा. त्यांच्यातला पर्णाद परत येऊन सांगतो, अयोध्येतला एक कुरूप सारथी तो प्रश्न ऐकून कळवळला. संशयित मिळाला. मग ती सापळा लावते. वडिलांना पत्ता न लागू देता, फक्त आईला विश्वासात घेऊन, ती सुदेव नावाच्या ब्राह्मणाकडून ऋतुपर्णाला निरोप धाडते: दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे, उद्या सूर्योदयाला. निरोप फक्त त्यालाच, आणि मुदत एका दिवसाची. एवढं अंतर तेवढ्या वेळात कापायचं तर घोड्यांची विद्या हवी, आणि ती नलाखेरीज फार कोणाला येत नाही. रथ वेळेत पोचला तर सारथी कोण, हे निम्मं सिद्ध झालं. रथ पोचतो. स्वयंवराची कसलीच तयारी नाही, हे पाहून ओशाळलेला ऋतुपर्ण ‘सहज भेटायला आलो’ म्हणतो, हा त्या प्रसंगातला सुरेख विनोद.

पुढे दासी केशिनीला ती पाळतीवर ठेवते. केशिनी येऊन जे सांगते ते असं: बाहुक ठेंगण्या दाराशी आला तर वाकत नाही, दारच उंच होतं. त्याने नुसतं पाहिलं की रिकामे घडे पाण्याने भरतात. मूठभर गवत उन्हात धरलं की पेट घेतं. हातात चुरगळलेली फुलं कोमेजत नाहीत, जास्तच दरवळतात. मग त्याच्या हातचं शिजलेलं अन्न मागवून दमयंती स्वतः चाखते. शेवटी मुलांना त्याच्यासमोर पाठवते, आणि तो रडतो.

आता मागे जाऊन पाहा. स्वयंवराच्या वेळी इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी नलाला प्रत्येकी दोन वर दिले होते. त्यात उत्तम गती होती, हवं तिथे अग्नी, हवं तिथे पाणी, सुगंधी माळा आणि अन्नाला चव होती. आनंदाच्या प्रसंगी, आशीर्वाद वाटून ऐकणाऱ्याने कानाआड केलेल्या गोष्टी. पुराव्यातली प्रत्येक खूण कितीतरी अध्याय आधी आपल्यासमोर ठेवलेली होती. आधुनिक रहस्यकथेला वाचकाशी प्रामाणिक राहा म्हणून जे बजावलं जातं, ते इथे जादूच्या सामानावर पूर्ण पाळलेलं आहे.

अयोध्येहून निघालेल्या त्या रथाच्या प्रवासातला एक प्रसंग आक्षेपकांनी मुद्दाम वाचावा. ऋतुपर्ण बेहड्याचं झाड दाखवून त्यावर पानं किती, फळं किती हे क्षणात सांगतो. नल काय करतो? नमस्कार करत नाही. उशीर होतोय म्हणून राजा तगादा लावत असताना तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. संख्या जुळल्यावरच ती विद्या मागतो, आणि बदल्यात आपली अश्वविद्या देऊ करतो. दिव्य शक्तीचा दावा ऐकून गाडी थांबवून मोजणारा नायक अंधश्रद्धा कशी वाढवतो, हे मला कोणी समजावून द्यावं. भेंडवळच्या भाकितातलं किती जुळलं, याचा हिशेब पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत कितीजण ठेवतात?

तेव्हा फरक जादू असण्या-नसण्याचा नाही. एक शक्ती अशी असते की तिची हद्द आधी सांगितलेली असते: काय करता येतं, काय येत नाही, कशाच्या मोबदल्यात. तिला मी विद्या म्हणतो. दुसरी अशी की अडचण येईल तिथे ती हवी तेवढी वाढते, ती कृपा. आमच्याकडे शेताचा धुरा, म्हणजे बांध, रात्रीतून सरकला तर कोर्टात जातात. कथेतल्या शक्तीचा धुरा सरकला तर वाचकाने हात जोडावेत, अशी बुवाची अपेक्षा असते. रहस्य फक्त विद्येवर उभं राहतं, कारण हद्द माहीत असेल तरच ‘हे त्याला जमणं शक्य नव्हतं’ असं म्हणता येतं. आणि हे म्हणता येणं हीच तर तपासाची सुरुवात.

मेलेल्याला उठवणाऱ्या संजीवनी विद्येचंच घ्या. शिष्य कचाची राख मदिरेत मिसळून असुरांनी त्याला गुरू शुक्राचार्यांच्याच पोटात पोचवलं. उठवावं तर गुरू मरतो, न उठवावं तर शिष्य. विद्या सर्वशक्तिमान असती तर गोष्ट तिथेच संपली असती. ती तशी नाही, म्हणून गुरूला आपलं गुपित पोटातल्या शिष्याला शिकवावं लागतं, आणि बाहेर पडलेला शिष्य मेलेल्या गुरूला उठवतो. ही कृपा नाही, हे गणित आहे.

मराठी रहस्यकथेचा पुढचा इतिहास इथे सांगायला नको. बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहून वाचक घडवला, पण त्यांचे झुंजार आणि धनंजय बुद्धी आणि पिस्तुलाच्या जगातले. नारायण धारपांचे समर्थ अतींद्रिय शक्तीने झगडतात, आणि भीती निर्माण करण्यात धारपांचा हात धरणारा मराठीत फार कोणी नाही. पण समर्थांची शक्ती कुठे संपते, हे मला त्या कथा वाचताना नेमकं कळत नाही. त्यामुळे त्यांत मी घाबरतो. तर्क लढवत नाही. हा धारपांचा दोष म्हणावा असंही नाही, त्यांना भयकथा लिहायची होती. दमयंतीच्या वाटेने जाणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही, एवढंच.

तोवर एक विनंती. ग्रंथालयात अशी कादंबरी हाती आली, तर मुखपृष्ठावरची कवटी आणि मेणबत्ती पाहून ती नाकारू नका. गुन्हा घडण्याआधी त्या शक्तीला काय जमत नाही हे लेखकाने सांगितलं आहे का, तेवढं तपासा. सांगितलं असेल तर पुस्तक घरातल्या पोरांच्या हाती द्या. शेवटच्या प्रकरणात नायकाला अचानक नवी शक्ती फुटत असेल, तर ते खुशाल परत करा.