जिवावर उदार

मराठीत ‘जिवावर उदार होणे’ असा एक वाक्प्रचार आहे. शाळेत आम्ही तो मुलांना शिकवतो, त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगतो, आणि मुलेही ठरलेले वाक्य लिहून मोकळी होतात: ‘बाजीप्रभू जिवावर उदार होऊन लढला.’ वाक्याला पूर्ण गुण मिळतात. परंतु या एवढ्याशा शब्दांत एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उदार म्हणजे देणारा. आता जे द्यायचे ते देणाऱ्याचे स्वतःचे असावे, ही औदार्याची पहिली अट. शेजाऱ्याच्या कणगीतले धान्य वाटणाऱ्याला कोणी उदार म्हणत नाही. मग जिवावर उदार होणाऱ्याची स्तुती करण्याआधी, तो जीव कोणाचा, हे पाहायला नको काय?

हा प्रश्न माझ्या मनात घोळू लागला तो एका विद्यार्थ्यामुळे. शिरूरला मी मराठी शिकवतो. वर्गात हाच वाक्प्रचार चालला असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, शीतल महाजन विमानातून उड्या मारतात, त्याही जिवावर उदारच की! पण त्या कुणासाठी?”

पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव आता मुलांनाही ठाऊक झाले आहे. १८ एप्रिल २००४ रोजी, उणे ३७ अंश तपमानात, २,४०० फुटांवरून त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली. आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिणेकडचे अंटार्क्टिका गाठले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडात त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. हे सारे ऐकून आमच्या बाजारपेठेतला व्यवहारी गृहस्थ मान हलवतो. “घरी सुखाने राहायचे सोडून हे कशाला?” असे तो विचारतो. त्या मुलाचा आणि या गृहस्थाचा प्रश्न एकच आहे, आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

सैनिकाच्या बाबतीत उत्तर सोपे असते. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमध्ये टांगाईलजवळ आपल्या सेनेची दुसरी पॅराशूट पलटण विमानांतून उतरली. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. लोहजंग नदीवरचा पुंगली पूल घ्यायचा आणि ढाक्याकडे मागे हटणाऱ्या शत्रूची वाट अडवायची, हे तिचे काम होते. तिने ते केले, आणि पाच दिवसांनी ढाका पडले. त्या संध्याकाळी छत्रीला लोंबकळत खाली येणारा जवान कुणासाठी जिवावर उदार झाला, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा हेतू उदात्त तर धोका योग्य, हेतू नसेल तर धोका हा वेडेपणा, असा निवाडा देऊन आपण मोकळे व्हावे, असे वाटते.

परंतु हा निवाडा फार काळ टिकत नाही. पॅरिसमध्ये फ्रान्झ रायशेल्ट नावाचा एक शिंपी होता. विमाने तेव्हा नवी होती आणि वैमानिक पडून मरत होते. त्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने अंगात घालता येईल असा छत्रीचा डगला शिवला. यापेक्षा चांगला हेतू तो कोणता? ४ फेब्रुवारी १९१२ रोजी बाहुलीवर प्रयोग करण्याची परवानगी काढून तो आयफेल मनोऱ्यावर चढला, मित्रांचे न ऐकता डगला स्वतःच घालून त्याने उडी टाकली, आणि तो जागच्या जागी ठार झाला. त्याच्या हेतूत खोट नव्हती आणि धैर्यातही नव्हती. उणीव होती ती सत्याला सामोरे जाण्यात. डगला नीट उघडतो की नाही, हे बाहुलीने त्याला सांगितले असते. त्याने तिला बोलू दिले नाही.

म्हणून मला वाटते, धोका पत्करणाऱ्याचा हेतू विचारावा तो नंतर. आधी त्याची तयारी पाहावी. आणि तयारी पाहायची तर आकाशाकडे न पाहता जमिनीवर, छत्रीची घडी घातली जाते तिथे पाहावे.

उडी घेणाऱ्याच्या पाठीवर एक नव्हे, दोन छत्र्या असतात. एक मुख्य, दुसरी राखीव. मुख्य छत्री पुष्कळदा तो स्वतःच घडी करतो. पण राखीव छत्रीची घडी परवाना मिळालेल्या तज्ज्ञानेच घालायची, असा अमेरिकेसारख्या देशांत कायदा आहे. तो घडी घालतो, तिला मोहोर लावतो आणि सोबतच्या कार्डावर तारीख घालून सही करतो. पुढे ती छत्री उघडली नाही, तर हे कुणाच्या हातून झाले, हे त्या कार्डावर लिहिलेले असते. शिवाय एक छोटे यंत्र असते. ते हवेचा दाब मोजत राहते. माणूस बेशुद्ध झाला किंवा गोंधळला, आणि जमीन सुमारे ७५० फुटांवर येऊनही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने कोसळतच असला, तर ते यंत्र आपण होऊन राखीव छत्रीचा बंध तोडते. म्हणजे माणूस चुकेल, हे गृहीत धरूनच सारी रचना केलेली आहे.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. या मंडळींत अपघात घडला की तो झाकून ठेवायचा नाही, असा प्रघात आहे. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेच्या मासिकात अपघातांची हकीकत छापून येते: उडी घेणारा किती अनुभवी होता, काय घडले, काय करायला हवे होते. दर मार्चमध्ये, उड्यांचा हंगाम भरात येण्याआधी, ते एक ‘सुरक्षा दिन’ पाळतात. ठिकठिकाणचे क्लब जमतात, एकमेकांची साधने तपासतात, छत्री न उघडल्यास हात कुठे न्यायचा याची जमिनीवर पुन्हा पुन्हा तालीम करतात. एका अर्थी ती त्यांची जत्राच. १९७० ते १९७९ या काळात तिथे वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे या छंदापायी दगावत. २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांत दहा माणसे गेली. दहा हा आकडाही त्या दहा घरांना लहान नाही. परंतु ही उतरण दैवाने झालेली नाही. ज्यांचे मरण लिहून ठेवले गेले, त्यांच्यामुळे मागून येणारे वाचले.

छत्रीच्या इतिहासाचा आरंभच मुळी असा आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे गार्नेरॅं बलूनमधून छत्रीने उतरला, तेव्हा ती घड्याळाच्या लंबकासारखी भयंकर झुलली. कोंडलेली हवा कधी या काठाने, कधी त्या काठाने निसटत होती. पुढे छत्रीच्या डोक्यावर मुद्दाम एक भोक ठेवण्यात आले आणि झुलणे कमी झाले. दोष लपवला असता तर हे भोक कुणाला सुचले नसते.

शीतल महाजन यांच्या नऊवारीकडे मी याच दृष्टीने पाहतो. वर्तमानपत्रांनी त्या लुगड्याचे रंग पाहिले. मला त्यात लावलेल्या पिना आणि चिकटपट्ट्या दिसतात. वाऱ्याने पदर उडून छत्रीच्या मुठीत अडकू नये म्हणून त्यांनी ते लुगडे जागोजागी जखडून टाकले होते. आमच्या आज्या शेतात वाकण्यापूर्वी पदर खोचत, त्यातलेच हे शहाणपण. उलट, एकही उडी न मारता थेट ध्रुवावर मारलेल्या त्या पहिल्या उडीचे कौतुक करताना माझ्यातला शिक्षक जरा कचरतो. तो धडा मी मुलांना देणार नाही. पण त्या उडीतही पणाला लावला होता तो त्यांचा स्वतःचाच जीव, एवढे कबूल करायला हवे.

यावर कोणी आई म्हणेल, “जीव एकट्याचा थोडाच असतो? त्यात आमचाही वाटा आहे.” हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणता येईल, की ज्याने घरच्यांना सांगून, साधने तपासून, शिकून उडी घेतली, त्याने त्या वाट्याचे ऋण मान्य तरी केले. दुसरा आक्षेप त्याच लोकांतला एक जाणता माणूस घेतो. बिल बूथ हा छत्रीची साधने बनवणारा अमेरिकन गृहस्थ. त्याचे निरीक्षण असे, की साधने जितकी सुरक्षित होतात, तितके उडी घेणारे अधिक धाडस करू लागतात आणि मरणारे मरतातच. आज अनेकांचा घात होतो तो छत्री पूर्ण उघडल्यावर, जमिनीलगत वेगाने वळण घेताना. तेव्हा यंत्रावर भार टाकून निश्चिंत व्हावे, असे तिथेही नाही. जागे राहावे लागतेच.

आता आभाळातून खाली येऊ. आमचा शिरूर तालुका आणि शेजारचा दौंड, दोन्ही उसाचे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते आणि रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात; एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असला तर तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. चाक पंक्चर झाले तर ट्रॉली रस्त्यातच उभी राहते. मागे चार दगड लावतात, आणि निघताना ते दगड तिथेच टाकून जातात. याच दिवसांत भाऊबीज असते. मोटारसायकलवर नवरा, बायको, मध्ये एक मूल, टाकीवर एक मूल, असे कुटुंब रात्री माहेराहून परतत असते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक बाक असाच रिकामा झाला. मुलगा वडिलांच्या मागे बसून येत होता. ट्रॉली अंधारात उभी होती. चौथ्या दिवशी मी त्या घरी गेलो. जमलेले लोक एकच वाक्य म्हणत होते: “काळ आला होता, दुसरे काय?” त्या वाक्याने दुःखाला थोडा आधार मिळत असेल, तो हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच वाक्याने आणखी एक गोष्ट होत होती. दिवा कोणी लावला नाही, हा प्रश्न पुसला जात होता. हकीकत कोठेच लिहिली गेली नाही. पुढच्या हंगामात त्याच रस्त्याला तशाच ट्रॉल्या होत्या.

आपली भाषा याबाबत आपल्यापेक्षा स्पष्ट बोलते. ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ अशी तिच्यात म्हण आहे. हजारो फुटांवरून स्वतःच्या जिवावर, पंधरा वेळा पट्टे तपासून उडी घेणारीला आपण वेडी म्हणतो. आणि दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर, एकदाही मागे वळून न पाहता ट्रॉली हाकणाऱ्याला व्यवहारी म्हणतो. पहिलीने धोका पत्करलेला असतो. दुसऱ्याने तो लादलेला असतो, तोही ज्यांना विचारलेले नाही अशांवर. साहस आणि हयगय यांत फरक आहे तो इथे.

कोणी म्हणेल, ट्रॅक्टरवाला बिचारा गरीब. रात्र-रात्र जागून तो खेपा करतो, ट्रॉलीही त्याची नसते. हे मला मान्य आहे. म्हणूनच राखीव छत्रीच्या कार्डावरची ती सही मला मोलाची वाटते. तिथे एकट्या उडी घेणाऱ्यावर सारे सोडलेले नाही. शिकवणारा, घडी घालणारा, वैमानिक, जमिनीवरून वारा पाहणारा, प्रत्येकाचे काम नेमलेले आहे. इथेही मालक, मुकादम आणि कारखाना यांच्यापैकी दिवा कोणाचा, हे ठरलेले असायला हवे. आपला ऊस लवकर तोडून जावा म्हणून घाई करणारे आपणही त्यात आलो.

आणि हे आपल्याला अशक्य आहे असे मुळीच नाही. दौंडला जंक्शनवर उभे राहून पाहावे. मनमाडकडे असो की सोलापूरकडे, जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याला मागे खूण असते आणि रात्री तांबडा दिवा असतो. गाडी पुरी आली, एकही डबा मागे राहिला नाही, हे स्टेशनवरचा माणूस त्यावरून ओळखतो, आणि मगच मागची वाट दुसऱ्या गाडीला मोकळी होते. आपल्याच तालुक्यातली, आपलीच माणसे हे रोज, न चुकता करतात. लोहमार्गावर जी शिस्त चालते, ती पंधरा पावले पलीकडच्या डांबरी रस्त्यावर का चालू नये?

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला झेंडूचे हार घातले आहेतच. पाडव्याला पुन्हा त्याला कुंकू लागेल. त्या वेळी घरातल्या कोणीतरी, शाळकरी मुलाने का होईना, मागे जाऊन वाढे बाजूला सारावेत, रिफ्लेक्टर पुसावा आणि तांबडा दिवा लागतो की नाही ते पाहावे. लागत नसेल तर खेप एक दिवस उशिरा जाऊ द्यावी.