रोजच्याच शब्दांचा नवा अर्थ

वर्धा जिल्ह्याला दर्गा परका नाही. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्शनाला हिंदू आणि मुसलमान दोघेही पिढ्यानपिढ्या जात आले आहेत. पुलगावहून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला माणूसही माहीमला मखदूमशाह बाबांच्या दर्ग्यासमोर त्याच ओढीने थांबतो. हात जोडतो, मनातले बोलतो आणि पुढे जातो. त्याची श्रद्धा मला मोलाची वाटते. पण ज्यांच्यापुढे आपण नमतो, ते आयुष्यभर काय करत होते हे जाणून घेणे हाही श्रद्धेचाच भाग आहे. नवसाला पावणारे बाबा म्हणून ओळखले जाण्याआधी मखदूमशाह हे धर्मशास्त्राचे विद्वान होते. अभ्यास करणे, शिकवणे आणि लिहिणे हेच त्यांचे जीवनकार्य होते.

मखदूमशाह म्हणजेच मखदूम अली माहिमी यांचा काळ हिजरी 776 ते 835, म्हणजे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1431-32 पर्यंतचा. अरब मुलखातून येऊन कोकण किनाऱ्यावर रुजलेल्या नवाइत समाजात त्यांचा जन्म झाला. माहीम त्या वेळी मोक्याचे ठाणे होते. गुजरातचे सुलतान आणि दख्खनचे बहामनी यांच्यात त्यासाठी झालेली लढाई माहिमींच्या हयातीतलीच. अशा धामधुमीच्या गावात राहून त्यांनी अरबी भाषेत ग्रंथ लिहिले. इब्न अरबी या थोर सूफी तत्त्वज्ञाच्या ‘फुसूस अल-हिकम’ या कठीण ग्रंथावर त्यांनी भाष्य केले. सगळ्या अस्तित्वाच्या मुळाशी एकच सत्य आहे, हा त्या परंपरेचा गाभा. ज्ञानेश्वरीवर वाढलेल्या मराठी मनाला तो अनोळखी वाटू नये.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘तब्सीर अर-रहमान’ हे कुराणावरील भाष्य. माहीमच्या या विद्वानाचा ग्रंथ सुमारे साडेचारशे वर्षांनी कैरोतल्या बुलाकच्या नामांकित छापखान्यात छापला गेला. या भाष्याची एक रीत मला फार विचार करायला लावते. कुराणात 114 अध्याय आहेत आणि त्यांतल्या 113 अध्यायांच्या आरंभी बिस्मिल्ला येते. ईश्वराचे नाव घेऊन, त्याची दया आठवून केलेला तो आरंभ. शब्द दर वेळी तेच. भाष्यकाराने पहिल्यांदा अर्थ सांगून पुढे तो गृहीत धरला असता, तर कोणी दोष दिला नसता. माहिमींनी तसे केले नाही. समोरच्या अध्यायाचा विषय काय आहे हे पाहून त्यांनी प्रत्येक ठिकाणी बिस्मिल्लाचा अर्थ नव्याने उलगडला. कुराणात एका वचनामागून दुसरे वचन का येते, त्यांचा परस्परांशी धागा कोणता, हेही ते असेच चिकाटीने शोधत गेले.

लोकांनी मात्र त्यांची वेगळीच आठवण जपली. एका रात्री आईने पाणी मागितले. मुलगा वाटी भरून घेऊन आला, तोवर तिला झोप लागली होती. तिला उठवायचे त्याच्या जिवावर आले आणि वाटी ठेवून निघून जाणेही पटेना. पहाटे आईने डोळे उघडले तेव्हा तो पाणी घेऊन तसाच उशाशी उभा होता. ही आख्यायिका आहे, तिच्याकडे पुरावा मागू नये. पण ज्यांनी त्यांचे एकही पान वाचले नाही, त्यांनी त्यांच्या स्वभावाचे मर्म नेमके ओळखले, असे मला वाटते. आईच्या उशाशी जागणारा मुलगा आणि तेच शब्द पुन्हा समोर आल्यावर पुन्हा थांबणारा पंडित यांच्यात एकच गुण आहे. समोर जे आहे त्याच्यावरून लक्ष ढळू द्यायचे नाही, हा तो गुण.

सहा शतके हे नाव टिकले आहे. डिसेंबरात, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास माहीमचा मेळा भरतो आणि पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांचा असतो. दक्षिण मुंबईतला जे. जे. उड्डाणपूल अधिकृतपणे त्यांच्याच नावाने आहे. हा सन्मान योग्यच आहे. पण पुलाला दिलेले नाव पाटीवर राहते, गुण टिकवायचा तर तो कोणीतरी आचरणात आणावा लागतो. आपल्या जिल्ह्यात विनोबांनी ते केले. दुसऱ्याच्या धर्मग्रंथाविषयी ऐकीव मत बनवण्याऐवजी ते अरबी शिकले, मूळ कुराणाचा अभ्यास केला आणि निवडक वचनांचे ‘कुराण-सार’ 1962 मध्ये लोकांपुढे ठेवले. शेजाऱ्याला जे पवित्र वाटते ते इतक्या कष्टाने वाचणे, याहून मोठा आदर कोणता?

आणि पुलगाव? दारूगोळा भांडाराच्या या गावाला हा गुण बाहेरून शिकवायला नको. तेच काम, तीच काळजी, रोज तितकीच सावध. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर भांडारात आग लागली, तेव्हा अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्या आगीकडे धावले. त्यांतले कित्येक परत आले नाहीत. वर्षानुवर्षे केलेल्या सरावाचा अर्थ त्यांनी त्या रात्री प्राण देऊन सांगितला. त्यांचे ऋण या गावावर कायम आहे.

आपल्याकडून एवढे मोठे मोल कोणी मागत नाही. पण दिवसभरात आपण कितीतरी गोष्टी केवळ सवयीने करतो. देवापुढे म्हटलेली प्रार्थना, भेटलेल्याला विचारलेली ख्यालीखुशाली, गुरुजींनी दरवर्षी शिकवलेला तोच धडा, रुग्णालयात परिचारिकेने दर रुग्णाला विचारलेला तोच प्रश्न. घरातले वडीलधारे तीच हकिगत पुन्हा सांगू लागले की आपण मान डोलावतो, पण ऐकत नसतो. यात क्रौर्य नाही, पण नकळत समोरचा माणूस आपल्यासाठी उरलेला नसतो. नात्यांची झीज भांडणांपेक्षा अशा अर्धवट लक्षानेच अधिक होते.

माहिमींची शिकवण इथे कामी येते आणि त्यासाठी अरबी यावीच लागते असे नाही. तेच शब्द पुन्हा उच्चारायची वेळ आली, की क्षणभर थांबावे आणि आज आपल्यासमोर कोण आहे, त्याला काय हवे आहे, हे आधी पाहावे. मग बोलावे.