वीट कुणाला?

आजचं चिंतन पुंडलिकावर. दारात देव आला, तरी आईवडिलांची सेवा त्याने सोडली नाही. देवालाच उभं राहायला वीट दिली.

मी जर्मनीत शिकतो. परवा आईला कोलोनचं कॅथेड्रल दाखवायला नेलं. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या म्हटल्यावर ती म्हणाली, "तू जा, मी बसते इथे." मी वैतागलो, "एवढ्या लांब बसायला आलीस?"

"नाही रे, तुला बघायला आले."

मी गप्पच झालो. सेवेच्या नावाखाली मी माझीच यादी उरकत होतो. तिला काय हवंय, विचारलंच नव्हतं.

मग बाकावर बसून पोटभर गप्पा मारल्या. १२४८ साली सुरू झालेलं ते कॅथेड्रल १८८० मध्ये पूर्ण झालं. त्याला थांबायची सवय आहे. वीट मनोऱ्याला दिली.

आज आपण वीट कुणाला देतोय, बघूया.